भरीव त्रिकोण

माझे बाबा सरकारी मोजणीदार आहेत. कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठं संपतो आणि शेजाऱ्याचं शेत कुठून सुरू होतं, हे दाखवणं ही त्यांची नोकरी. त्यामुळे आमच्या अकोल्याच्या घरात नकाशे नेहमीच होते. कपड्यांच्या कपाटात, बाबांच्या शर्टांखाली, मागून कापड चिकटवलेले, चौपदरी घडी घातलेले. गावनकाशात विहीर कशी दाखवतात, पांदण रस्ता कसा, नाला कसा, हे मला मराठी जोडाक्षरं धड वाचता येण्याच्या आधी कळायला लागलं होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी सगळे वऱ्हाडी बोलत, मी पुस्तकातलं मराठी बोलायची, त्यावर चुलतभाऊ हसत. मग मी बोलणंच कमी केलं. त्याचं पुढं कौतुक झालं. पोट्टी गुणाची हाये, घरात हाये का नाई तेही समजत नाई, असं आई पाहुण्यांना सांगायची.

नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकदा बाबांबरोबर मोजणीला गेले होते, दर्यापूरच्या पुढं, वडापच्या जीपमध्ये मांडीवर बसून. दोन भावांचं भांडण होतं आणि तिसऱ्या, वारलेल्या भावाची बायको हिस्सेदार होती. भाऊ दिवसभर धुऱ्यावर उभे राहून एकमेकांचे बाप काढत होते. बाप एकच होता, त्यामुळे मला ते मजेशीर वाटलं. ती बाई कडुनिंबाखाली बसून होती. तिनं मला तिच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला, पण एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी बाबांनी जबाब लिहिला आणि उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. मग एकेकाला विचारत गेले, काही हरकत? भावांनी दोन-दोन हरकती सांगितल्या. बाबांनी त्या लिहून घेतल्या. बाईकडे वळून त्यांनी तेच विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. पेनाचं टोपण काढून परत लावायला लागतो तेवढा वेळ बाबा थांबले आणि त्यांनी लिहिलं, हजर, हरकत नाही. तिनं अंगठा दिला.

परतताना मी बाबांना म्हटलं, ती तर काही बोललीच नाही.

"नाई बोलली म्हंजे हरकत नाई," बाबा म्हणाले. "न बोलणाऱ्या माणसाचं आपुन काय लिहाचं?"

ही बाबांची स्वतःची पद्धत होती आणि ती घरातही चालायची. घर रंगवायचं असो की चुलतबहिणीचं लग्न ठरवायचं असो, मोठी माणसं जमली की बाबा एक कोरा कागद काढत, ठरलेलं मुद्द्यांनी लिहीत, वाचून दाखवत आणि प्रत्येकाला हरकत विचारत. नातेवाइकांत याची थट्टा व्हायची. जेवायला बसताना मामा विचारायचे, भाऊजी, पंचनामा झाला का, वाढाचं का? पण बाबांच्या कागदावर सगळ्यांचा विश्वास होता. तिथं जे लिहिलं गेलं ते बदलत नसे.

वेगळ्या जातीचा नकाशा मी बावीस वर्षांची झाल्यावर पाहिला. अमरावतीला वसतिगृहात राहून बीएस्सी केली होती, फिजिक्स आणि गणित घेऊन, आणि पुढं काय हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे घरी परत आले होते. कॉलेजच्या एका मॅडमनी सांगितलं की अमरावतीच्या कॅम्प भागात हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर राहतात, दर रविवारी त्यांच्या बैठकीत दोन-चार मुलांना विमानाचे नकाशे शिकवतात. मी घरी सांगितलं, एका परीक्षेचा क्लास आहे. परीक्षा म्हटलं की आमच्याकडं कोणी अडवत नाही. दर रविवारी सकाळी अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून ऑटो, आणि दिवेलागणीच्या आत घरी. वर्षभर मी घराबाहेर पडले ती एवढीच.

सरांकडं माझ्याशिवाय दोन मुलं होती. दोघांना वैमानिक व्हायचं होतं आणि दोघंही आल्या दिवसापासून हात हलवून विमान वळवून दाखवत. सरांनी टेबलावर नकाशा पसरला आणि पहिला प्रश्न विचारला, "आपण कुठं आहोत?" मुलं बोट फिरवत राहिली. मला पूर्णा नदीची निळी रेघ दिसली, तिच्या वर मेळघाटचा गडद तपकिरी रंग दिसला, रेल्वेची काळी रेघ आणि तिला बडनेऱ्याजवळ फुटलेला फाटा दिसला. मी काही न बोलता तिथं पेन्सिल टेकवली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

त्या नकाशाची भाषा मी दोन-तीन महिन्यांत शिकले. विमानतळ म्हणजे गोल. गोलातल्या आणि गोलाभोवतीच्या रेघांवरून तो कसला आहे ते ओळखायचं. उंच चिमणी किंवा मनोरा म्हणजे टोक वर केलेली दोन पायांची खूण, मध्ये टिंब आणि शेजारी उंचीचा आकडा. जिथं जायला मनाई आहे, जिथं अटी आहेत, जिथं धोका आहे, अशा तीन तऱ्हेच्या जागांना दातेरी कडा. सर म्हणायचे, नकाशा पाठ करू नका, त्याला प्रश्न विचारा. माझ्यासारखीला हे बरं होतं. नकाशाला प्रश्न विचारताना तोंड उघडावं लागत नाही.

मग सरांनी दुसरा नकाशा काढला. त्यावर जमीन जवळजवळ नव्हतीच. नुसता पांढरा कागद आणि त्यावरून सरळ रेघा गेलेल्या. या विमानांच्या वाटा. प्रत्येक वाटेला अक्षर आणि आकडा मिळून एक नाव, किती अंशांच्या दिशेनं जायचं, दोन बिंदूंमधलं अंतर नॉटिकल मैलांत, आणि याच्या खाली उतरायचं नाही अशी उंची. वाटेवर जागोजागी लहान त्रिकोण होते. त्यांना पाच इंग्रजी अक्षरांची नावं, कुठल्याही भाषेत अर्थ नसलेली, फक्त तोंडानं म्हणता यावीत म्हणून जुळवलेली. काही त्रिकोण काळे भरलेले होते, काही पोकळ. पोकळ त्रिकोणावर विमान आलं तर खालच्या माणसानं विचारलं तरच सांगायचं, मी इथं आहे. भरीव त्रिकोणावर आलं की कोणी विचारो न विचारो, स्वतःहून सांगायचं. मी कोण, कुठं, किती वाजता, किती उंचीवर, पुढचा बिंदू कोणता, तिथं किती वाजता पोचेन. याच क्रमानं.

एका मुलानं विचारलं, रडारवर तर सगळं दिसतंच ना?

"दिसतं," सर म्हणाले. "पण दिसणं वेगळं आणि सांगणं वेगळं. रडार नसेल तिथं गप्प राहिलेल्या विमानाबद्दल खालचा माणूस स्वतःच्या मनानं ठरवतो."

आकाशाचेही वर्ग आहेत हे मला सगळ्यात नवं होतं. त्यांना इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. मोठ्या विमानतळाभोवतीच्या डी वर्गात शिरायचं तर आधी परवानगी मागायची, उत्तर येईपर्यंत बाहेर थांबायचं आणि आत असेपर्यंत दोन्हीकडून बोलणं चालू ठेवायचं. पुढं ई आणि एफ. वाटांपासून दूरचं, कोणाच्या ताब्यात नसलेलं आकाश म्हणजे जी. मी वर्षभरातला पहिला प्रश्न तेव्हा विचारला. आमच्या घरावर, अकोल्यात, कोणता वर्ग?

सरांनी पट्टी लावून पाहिलं. उंचावरून वाट जाते, ती वेगळी. "पण खाली, तुमच्या गच्चीच्या वर, जी. तिथं तुला कोणी अडवणार नाही. सांभाळणारही नाही."

त्या दिवशी घरी येऊन मी गच्चीवर गेले. मे महिना होता आणि चार वाजता गच्चीवर पाय ठेवायची सोय नव्हती. शेजारच्या बाईनं खालून विचारलं, एकटी काय करून राह्यली व गच्चीवर? आईनं स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, वाळवण काढून राह्यली. वाळवण सकाळीच काढून झालं होतं. मी खाली आले.

घरात माझी स्वतंत्र खोली होती पण तिला कडी नव्हती. कुलर बैठकीत होता आणि त्याची हवा माझ्या खोलीपर्यंत यावी म्हणून दार उघडंच ठेवायचं असा नियम. त्यामुळे मी काय करते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. सरांनी मला त्यांचा एक जुना, मुदत संपलेला नकाशा दिला होता. तो मी जमिनीवर पसरून बसायची. अमरावतीची धावपट्टी त्यावर नुसता एक गोल होती. तिथून प्रवासी विमान सुरू झालं ते नंतर, आणि मी त्या गोलाशेजारी पेन्सिलीनं बदल करून ठेवला होता. एकदा बाबा ऑफिसातून आले आणि चपला न काढताच दारात थांबले.

"हे काय मांडून ठेवलं व?"

मी सांगितलं. ते उकिडवे बसले आणि जुन्या सवयीनं आधी प्रमाण कुठं लिहिलंय ते शोधलं. मग विचारलं, पारसच्या वीज केंद्राची चिमणी कुठी हाये? मी टिंबाची खूण दाखवली. त्यांनी उंचीचा आकडा वाचून मान हलवली. मग दर्यापूर, मग अकोट, मग सातपुड्याची कड. खूप वेळ बघून ते म्हणाले, "याच्यात कोणाचाच धुरा नाई."

त्रिकोण काय आहेत तेही त्यांनी विचारलं. मी भरीव आणि पोकळ समजावून सांगितले. बाबांना ते पटलं. ते म्हणाले, पद्धत चांगली हाये, भांडण होत नसंन. त्या संध्याकाळी मला वाटलं, बाबा माझ्या बाजूचे आहेत.

सरांच्या लक्षात आलं होतं की मला उडायचं नाही. एकदा मुलं गेल्यावर त्यांनी विचारलं, मग नकाशा कशासाठी शिकतेस? मी म्हटलं, मला वाट काढायला आवडतं. ते म्हणाले, त्याची नोकरी असते. विमान कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाणार, वाटेत हवामान काय, अडचण आली तर कुठं उतरणार, हे सगळं जमिनीवर बसून ठरवणारी माणसं असतात. वैमानिकाच्या हातात त्यांचा कागद पडल्याशिवाय विमान हलत नाही. त्यांनीच मला हैदराबादच्या एका विमान कंपनीचा अर्ज भरायला लावला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत लॅपटॉपवर झाली. आई त्या दिवशी नेमकी लग्नाला गेली होती. मुलाखत इंग्रजीत होती. इंग्रजीत मला बोलता येतं, कारण इंग्रजीत मला ओळखणारं कोणी नाही.

निवड झाल्याचा मेल आला. प्रशिक्षणाला हजर व्हायचा सोमवार त्यात दिला होता, आणि येणार की नाही ते त्याच्या आठ दिवस आधीच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला. माझ्या हातात दहा दिवस होते. मी मेल छापून बाबांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"लगतच्यांना विचाराव लागंन," ते म्हणाले.

मोजणी करायची तर लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना आधी नोटीस जाते. बाबांनी तसंच केलं. बाबांचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, ते दर्यापूरजवळ शेती बघतात. त्यांना फोन गेला. अकोटच्या मामांना गेला. मोठे बाबा म्हणाले, एकटी पोट्टी हैदराबादले कायले? मामा काहीच म्हणाले नाहीत, पण दोन दिवसांनी त्यांच्याकडून स्थळ आलं. अकोटचंच. मुलाचं बियाण्या-खतांचं दुकान होतं, घरची संत्र्याची बाग होती, माणसं चांगली होती. पाहुणे रविवारी येणार होते, ज्या रविवारी मला सहापर्यंत उत्तर द्यायचं होतं तोच.

त्या आठवड्यात मला कोणी नाही म्हटलं नाही. हे सांगितलेलं बरं, कारण नंतर सगळ्यांनी तसं बोलून दाखवलं. मी हैदराबादचं नाव काढलं की आई म्हणायची, तुले कोणी काही म्हटलं का? मंग? आणि पोळ्या लाटायला लागायची. साडी कोणती, पाहुण्यांना चिवडा घरचा की विकतचा, यावर माझ्या देखत चर्चा व्हायची. मी तिथंच बसून शेंगा सोलत होते. उत्तराचा मेल मी फोनमध्ये लिहून ठेवला होता. फक्त पाठवायचा होता. रोज दुपारी कुलरच्या आवाजात तो उघडायची, वाचायची आणि बंद करायची. गुपचूप पाठवता आला असता. पण पाठवल्यावर मला याच घरातून, याच दारातून बॅग घेऊन निघायचं होतं, आणि ते जमणार नसेल तर होकार पाठवून न जाणं मला त्याहून लाजिरवाणं वाटत होतं. खोलीला दार होतं, ते उघडं होतं, आणि मला बाहेर पडता येत नव्हतं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, बरोबर मामा. मोठे बाबा सकाळीच येऊन बसले होते. मी ट्रे घेऊन गेले, टेकवला, सांगितलं तिथं बसले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, सध्या काय करतात? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, विमानाचा कोर्स करते घरीच. मुलाची आई जरा सरसावून बसली. म्हणजे ते चहा-पाणी देणाऱ्या असतात, ते का?

"नाई हो," मोठे बाबा म्हणाले. "आमची पोट्टी विमानाले रस्ता सांगते. अन् दर्यापूरच्या ष्टांडावर एकटी उतराचं म्हटलं तर मले घ्याले बोलावते."

सगळे हसले, मुलगाही हसला. मी पण हसले. ते खरं होतं.

मग रीतीप्रमाणं आम्हा दोघांना बोलायला माझ्या खोलीत पाठवलं. दार अर्थातच उघडं होतं. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि भिंतीवरचा नकाशा बघायला लागला. आईनं जमिनीवर पसारा नको म्हणून सकाळीच तो तिथं टाचला होता. त्यानं विचारलं म्हणून मी अकोट कुठं आहे ते दाखवलं. तो म्हणाला, दुकान दिसत नाही का? मला तो माणूस वाईट वाटला नाही. म्हणूनच मी हिंमत करून विचारलं, तुम्हाला हैदराबादचं सांगितलंय ना?

त्याला काही कळलं नाही. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं एकदा दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"तुमच्या मामांनी तं सांगितलं, तुमची हरकत नाई. म्हणून आमी आलो. नाईतर मी पाहाले बी आलो नसतो, खरंच सांगतो."

मला कोणी विचारलंच नव्हतं, असं मी म्हणणार होते. पण विचारलं होतं. आठवडाभर, रोज, चिवडा आणि साडी आणि दिवस पुढं करून विचारत होते, आणि मी शेंगा सोलत होते. कडुनिंबाखालच्या बाईचा चेहरा मला आठवला नाही, तिचा डबा आठवला. ॲल्युमिनियमचा, झाकणाला पोचा आलेला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा साखरपुड्याचा महिना बोलून झाला होता. बाबांनी कोरा कागद आणि पॅड काढलं होतं. मामा म्हणाले, आता पंचनामा. बाबांनी मुद्दे लिहिले, उभे राहिले आणि वाचून दाखवले. कुठं करायचं, किती माणसं, कोणाकडून काय. मग विचारत गेले. मुलाच्या वडिलांना, हरकत? नाही. मुलाच्या आईला, नाही. मोठे बाबा म्हणाले, आमाले काय हरकत, पोट्टी जवळच राह्यते. मामांनी नुसता हात हलवला. आईनं मान डोलावली. मुलगा खाली बघत होता. बाबा माझ्याकडं वळले. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तुझी काही हरकत?"

मी काही बोलले नाही. बाबांनी पेनाचं टोपण काढलं. मला ती वेळ किती असते ते ठाऊक होतं. मी त्यांच्या हाताकडं बघत होते आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त सरांचा क्रम होता. कोण, कुठं, किती वाजता, पुढचा बिंदू कोणता. पेन कागदावर टेकलं.

"हरकत आहे," मी म्हटलं. कुलरमुळे कोणाला ऐकू गेलं नाही. म्हणून मी उठून कुलर बंद केला आणि परत म्हटलं. "माझी हरकत आहे. लिहा. पुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मला हैदराबादला हजर व्हायचं आहे. आज सहाच्या आत मी त्यांना होकार पाठवणार आहे. शनिवारी अकोल्याहून निघेन, रविवारी पोचेन."

मामा म्हणाले, "आता हे काय नवीन? आठ दिवस तोंडात काय होतं?" मोठे बाबा आईकडं बघायला लागले. आईनं पदर सावरला.

बाबांनी लिहिलं नाही, खोडलंही नाही. ते उभेच होते. मग त्यांनी, ऑफिसात विचारतात त्याच आवाजात, माझ्याकडं न बघता विचारलं, "कारण?"

"मला ते काम येतं," मी म्हटलं. याच्याहून चांगलं कारण तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

बाबांनी ते लिहिलं. ओळ पूर्ण केली, पॅड माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, सही कर. मी केली. मामा म्हणाले, भाऊजी, पोरखेळ लावला का, पोट्टीचं लिहून काय घेता? बाबांनी टोपण लावलं.

"हरकत नोंदवली हाये. आता याच्या पुढं जाता येत नाई."

ते माझ्या बाजूनं बोलले असं मला वाटत नाही. हरकत आल्यावर हद्दीची खूण रोवत नाहीत, एवढाच तो नियम होता, आणि तो त्यांना मोडता आला नाही. पाहुण्यांनी चिवडा संपवला, कारण ताटात टाकायची रीत नाही. मुलाची आई जाताना आईला म्हणाली, आधीच कळलं ते बरं झालं. मामा चहा न घेता गेले. पाच चाळीसला मी माझ्या खोलीत, उघड्या दारात बसून मेल पाठवला.

पुढचे सहा दिवस घरात माझ्याशी गरजेपुरतंच बोलणं झालं. मोठी बॅग माळ्यावर होती. ती काढून द्या असं मी म्हटलं नाही आणि कोणी दिली नाही. मी कॉलेजची पाठीवरची पिशवी भरली. शनिवारी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. बाबा स्कूटरवरून स्टेशनला सोडायला आले. गाडीला वेळ होता. फलाटावर त्यांनी विचारलं, कुठी कुठी थांबते? मी सांगितलं, वाशिम, हिंगोली, पूर्णा, नांदेड, पुढं तेलंगण.

बाबांनी थोडा विचार केला. "सगळीकडून फोन नको करू. पूर्णेवरून कर."

पूर्णेला मी फोन केला. उचलला आईनं. मी म्हटलं, पूर्णा. ती हं म्हणाली आणि थोड्या वेळानं फोन बंद झाला.

आता मी ज्या खोलीत काम करते तिला खिडकी नाही. दार कार्डानं उघडतं आणि हवामान बदलतं ते फक्त पडद्यावर. मुंबईहून पूर्वेला जाणारी एक वाट अकोल्याच्या जवळून जाते. मी ती रोज कोणाला तरी काढून देते आणि त्या विमानातलं कोणी खाली बघत असेल असं मला वाटत नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा मामा आले नाहीत. कपाटात बाबांच्या शर्टांखाली, कापडी नकाशांच्या वर, तो कागद सापडला. माझी सही होती. खाली बाबांच्या अक्षरात निर्णय असं लिहून पुढं जागा सोडलेली होती. ती कोरीच आहे.

स्थळं अजून येतात. मागच्या आठवड्यात एक पुसदचं आलं. एवढंच झालंय की आई आता फोनवर विचारते, तुझं काय म्हणणं हाये, आणि मी काही बोलेपर्यंत फोन ठेवत नाही.